दोन देशांचे काटेवाले काका

काटेवाले काकांच्या रक्तदाबाची काळजी एक अख्खा देश वाहत असे, आणि त्यांच्या टपालाची दुसरा. आता कुणीही विचारेल, असा कोण मोठा लागून गेला हा माणूस? तर कुणीच नाही. हमरस्त्याच्या कडेला ट्रक तोलायचा काटा असतो ना, जमिनीत बसवलेली लांबरुंद लोखंडी फळी, तिच्यावर भरलेला ट्रक चढवायचा आणि बाजूच्या खोलीत तबकडीवर वजन बघायचं, त्या काट्यावर काकांनी उभी हयात घालवली. ट्रक आला, उठले. ट्रक गेला, बसले. एवढंच कर्तृत्व.

पण झालं काय, की खोलीच्या मागून एक ओढा वाहायचा, आणि हा ओढा म्हणजे दोन देशांची सरहद्द. डोंगराच्या अंगाला तो वरचा देश, सपाटीला तो खालचा. लोक असंच म्हणायचे, वरचे आणि खालचे. ओढा भला होता तोवर ठीक चाललं. मग एका वर्षी असा काही लोंढा आला, की ओढ्यानं आपलं जुनं घर सोडलं आणि काट्याच्या पुढून, रस्ता ओलांडून, नवीन वाट धरली. जुनं पात्र मागे, नवं पात्र पुढे, आणि मधे चिंचोळा पट्टा. वरचे म्हणाले, सरहद्द ओढ्याची, ओढा हलला म्हणजे सरहद्द हलली. खालचे म्हणाले, ओढ्याला काय, तो उद्या आमच्या राजधानीत शिरेल!

आधी पोलीस आले, मग झेंडे, मग एकमेकांचे झेंडे उपटणं. शेवटी दोन्हीकडच्या शहाण्या माणसांनी ठरवलं, की डोकी फोडण्यापेक्षा लवाद नेमावा. दोन पंच यांनी निवडायचे, दोन त्यांनी, आणि त्या चौघांनी मिळून पाचवा अध्यक्ष, सगळे परक्या देशांतले. ते जो निवाडा देतील तो दोघांनी मुकाट मानायचा. तोवर पट्ट्यात ‘जैसे थे’. रस्ता बंद. भिंत पाडायची नाही, बांधायची नाही, खिळासुद्धा ठोकायचा नाही.

रस्ता बंद म्हणजे ट्रक बंद. पंक्चरवाला गेला, चहावाला गेला, टायरच्या दुकानातली मांजरसुद्धा गेली. काट्याच्या कंपनीनं काकांना कळवलं, खोलीला कुलूप लावा. काकांनी कुलूप लावलं, फक्त आतल्या बाजूनं. जाणार कुठे? बायको वारून बरीच वर्षं झालेली. मुलगी होती, खालच्या देशाच्या मोठ्या शहरात, दहाव्या मजल्यावर. ती फोनवर म्हणायची, “बाबा, या ना इकडे.” रस्ता बंद झाल्यावर काका एकदा जाऊन राहिलेही. मुलगी आणि जावई सकाळी बाहेर पडायचे ते अंधार पडल्यावर यायचे. दिवसभर काका लिफ्टचा आवाज ऐकत बसायचे. लिफ्ट वर यायची, मजल्यावर थांबायची, आणि दार उघडायचं ते समोरच्या घराचं. त्यांनी मुलीला सांगितलं, “मला इथलं पाणी मानवत नाही,” आणि ते परतले. पाण्याचा काय संबंध होता, हे त्यांचं त्यांना ठाऊक.

परतल्यावर सुरुवातीला एकटेपणा असा काही अंगावर आला, की विचारू नका. रिकामा काटा, रिकामा रस्ता. एकदा संध्याकाळी काका स्वतःच जाऊन काट्याच्या मधोमध उभे राहिले, आणि खिडकीतून तबकडीकडे पाहिलं. तिच्यावरचा काटा जागचा हलला नाही. ट्रकसाठी बनवलेलं यंत्र ते, एका माणसाची दखल घेईल कशाला? काकांनी एक उडी मारून पाहिली. तरी नाही.

आणि मग त्यांचं नशीब फळफळलं, तेसुद्धा वकिलांमुळे. लवादापुढे नुसते नकाशे चालत नाहीत म्हणे. तिथं विचारतात, या पट्ट्यात कारभार कुणी केला? टपाल कुणी वाटलं? दवाखाना कुणी चालवला? माणसं कुणी मोजली? दोन्ही देशांच्या वकिलांनी आपापल्या सरकारला कळवलं, पट्ट्यात ताबडतोब कारभार सुरू करा. सरकारांनी विचारलं, कुणावर? शोधाशोध केली तर अख्ख्या पट्ट्यात एकच रहिवासी निघाला.

झालं! खालच्या देशानं पोस्टमन पाठवला. आता काकांना पत्र कोण लिहिणार? मुलगी तर फोन करते. तेव्हा खुद्द पोस्टखातंच त्यांना पत्र लिहू लागलं: ‘आमची टपालसेवा आपल्याला कशी वाटते?’ काका उत्तर देत, ‘उत्तम.’ पोस्टमन ते उत्तर घेऊन जाई आणि दुसऱ्या दिवशी त्याची पोच घेऊन येई. पोस्टमन सायकलवरून उतरतानाच ओरडायचा, “मालक, आलं हो तुमचं प्रेमपत्र!”

वरच्या देशानं नर्स पाठवली. नाकासमोर चालणारी, शिस्तीची बाई. पिशवीत रक्तदाबाचं यंत्र, गोळ्या आणि एक कॅमेरा. पुरावा हवा ना! पोस्टमनलाही कॅमेरा मिळालेला होता. पत्र देतानाचा फोटो, दंडाला पट्टा गुंडाळलेला फोटो, असे रोजचे.

खानेसुमारीलाही दोन्हीकडचे कारकून आले. दोघांनीही काकांना मोजलं, आणि काका मोठ्या मौजेनं म्हणत, “आता आम्ही दोन झालो.” छपराचा पत्रा उडाला तेव्हा तर दोन सरकारांत जुंपली, की दुरुस्ती कोण करणार. ‘जैसे थे’ म्हणजे पत्रा उडालेला की न उडालेला, यावर खलिते गेले. शेवटी तडजोड निघाली, अर्धं छप्पर वरच्यांचं हिरवं, अर्धं खालच्यांचं तांबडं. काका म्हणायचे, “पाऊस मात्र दोन्हीकडून सारखाच गळतो.”

पण एक पथ्य होतं, आणि ते कडक होतं. पोस्टमननं नर्सला पाहायचं नाही, नर्सनं पोस्टमनला पाहायचं नाही. म्हणजे दिसले तरी दिसले नाहीत असं वागायचं. एकमेकांना नमस्कार केला, तर समोरच्याचा इथं यायचा हक्क मान्य केल्यासारखं होईल, असं वकिलांचं म्हणणं. त्यामुळे आत नर्स असली की पोस्टमन काट्यापलीकडे उन्हात पाठ करून उभा राहायचा, आणि आत पोस्टमन असला की नर्स ओढ्याकडे बघत बसायची. फोटो काढायचीही पंचाईत. एका हातात पत्र आणि एका हातात कॅमेरा, त्यात नुसता अंगठा यायचा.

हे पथ्य मोडलं ते काकांना चक्कर आल्यामुळे. एक दिवस पत्रावर सही करता करता काका खुर्चीवरून खाली घसरले. पोस्टमन दारात धावला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यानं न दिसणाऱ्या बाईला हाक मारली, “अहो सिस्टर! पळा!” सिस्टर आल्या, पोस्टमननं काकांचं डोकं मांडीवर धरलं, सिस्टरनी सुई टोचली. काका डोळे उघडून बघतात तो दोन देश त्यांच्यावर वाकलेले.

“मालक,” पोस्टमन म्हणाला, “सही अर्धीच झालीय.”

“माणूस मरतोय आणि तुम्हाला सहीचं पडलंय!” सिस्टर कडाडल्या.

“मरत नाही हो मी,” काका म्हणाले. “चहा टाकतो.”

त्या दिवशी तिघांनी चहा घेतला, आणि मग तो घेतच राहिले. सिस्टर आणि पोस्टमन बरोबर एकाच वेळी येऊ लागले. सिस्टरचा हात स्थिर, म्हणून पोस्टमनचे फोटो त्या काढायच्या. पोस्टमन सिस्टरचे काढायचा, तर ते सगळे हलायचे. सिस्टर म्हणायच्या, “तुम्ही फोटो काढता की सायकल चालवता?” पोस्टमन म्हणायचा, “तुम्ही हसता म्हणून हलतो.” आणि काका? काका दोघांच्या मधे बसून कधी याच्याकडे, कधी तिच्याकडे बघायचे. सांगण्यासारखं त्यांच्याकडे फारसं नसायचं. कोणत्या वर्षी कोणता ट्रक रुतला, एवढंच. पण ते दोघे ऐकून घ्यायचे. रविवारी मात्र दोन्ही देशांना सुट्टी. काका रविवारी चहा करायचेच नाहीत. एकट्यासाठी केलेला चहा उगीच कडू लागतो, म्हणायचे.

तेव्हा लक्षात आलं ना? सगळी दुनिया देवाला नवस करत होती की हा तंटा मिटू दे, आणि एकटे काका मनातल्या मनात म्हणत होते, इतक्यात नको. तंटा मिटला की एका देशाला यायची गरज नाही, आणि दुसऱ्यालाही फोटोंची गरज नाही. मग दार वाजवणार कोण?

अखेर लवाद मंडळ जागा बघायला आलं, आणि रहिवाशाची साक्षही तिथंच घ्यायचं ठरलं. पट्ट्यात सपाट जागा एकच, ती म्हणजे काटा. त्याच्यावर मांडव घातला, टेबलं मांडली. पाच पंच, दोन्ही बाजूंचे वकील, त्यांचे कारकून, दुभाषे, सगळे काट्यावर. काकांनी जाता जाता खिडकीतून तबकडी पाहिली. तिच्यावरचा काटा चांगलाच सरकला होता. त्यांची छाती उगीचच भरून आली.

आदल्या दिवशी सिस्टरनी बजावलं होतं, “काका, विचारतील तेवढंच सांगा. आमचं चहापाणी काढू नका तिथं. माझी नोकरी जाईल.”

पोस्टमन म्हणाला होता, “माझीपण. मालक, तुम्ही आपले बहिरे व्हा.”

“मला काय खुळा समजता?” काका म्हणाले होते, आणि ते खरंही होतं. त्यांना कळत होतं सगळं.

साक्ष सुरू झाली. पोस्टमन आणि सिस्टर मांडवाच्या दोन टोकांना, एकमेकांकडे न बघता उभे. वरच्या देशाच्या वकीलबाई उठल्या. उंच, टापटीप, आवाज गोड. त्यांनी पोस्टमनचा एक फोटो काकांपुढे धरला.

“यात तुम्ही पत्र घेताय, हे पोस्टमन पत्र देताहेत. बरोबर?”

“बरोबर. शर्ट मुलीनं पाठवलेला.”

“दोघेही फोटोत आहात. पट्ट्यात तिसरं कुणी राहत नाही. मग फोटो कुणी काढला?”

बाईंचा डाव असा, की काका म्हणतील, खालच्यांच्या शिपायानं. म्हणजे खालच्यांनी शिपाई घुसवले, हे सिद्ध होईल. मंडपात कुणी खोकलंसुद्धा नाही. पाच मोठी माणसं, कुठकुठून विमानानं आलेली, पुढे वाकून त्यांच्याकडे बघत होती. दुभाषी मुलगी त्यांच्या ओठांवर डोळे लावून बसली होती. जन्मात काकांचं बोलणं ऐकायला इतकी माणसं एका जागी थांबली नव्हती.

“सिस्टरनी,” काका म्हणाले.

“कोण सिस्टर?”

“कोण म्हणजे? तुमच्याच की!”

दुभाषी मुलगी अडखळली, मग तिनं ते भाषांतर केलं, आणि मंडपात खसखस पिकली. वकीलबाईंचा चेहरा मात्र पांढराफटक. अध्यक्ष वयस्क गृहस्थ होते, त्यांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि स्वतःच विचारलं, “आणि नर्सबाईंचे फोटो?”

मांडवाच्या टोकाला सिस्टर मान हलवत होत्या. नको, नको. काकांना दिसलं. पोस्टमननं डोळे मिटून घेतले, तेही दिसलं. पण धरण फुटल्यावर काय होतं?

“ते पोस्टमनचे,” काका म्हणाले. “म्हणून तर हलतात. त्यांचा हातच तसा. पण माणूस सोन्यासारखा. आणि सिस्टर तोंडानं कडक, पण साखर दोन चमचे लागते त्यांना. रोज येतात दोघं, बरोबरच येतात. एक खुर्ची मोडकी आहे, तिच्यावरून भांडतात. त्या दिवशी मला चक्कर आली, तर यांनी डोकं धरलं, त्यांनी सुई दिली. इथं कुणी नसतं असं नाही साहेब. माणसं येतात माझ्याकडे.”

बोलत राहिले ते. चहा, बिस्किटं, रुतलेले ट्रक, सगळं. अध्यक्षांनी एकदाही अडवलं नाही. शेवटी ते उठून काकांपाशी आले, हात हातात घेतला आणि हळू काहीतरी बोलले. दुभाषी म्हणाली, “ते म्हणताहेत, दोन्ही बाजूंच्या कारभाराचे हे सगळे फोटो मंडळ बाजूला ठेवेल. त्यांचा आता उपयोग नाही. पण तुमचे आभार.”

काकांना वाटलं, फार छान झालं. त्यांनी संध्याकाळी मुलीला फोन करून सांगितलं, “अध्यक्षांनी हात दिला मला.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी तीन कप पुसून ठेवले. कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी नाही. आठवडा गेला तेव्हा काका नव्या ओढ्यापर्यंत चालत गेले आणि खालच्यांच्या चौकीवरच्या पहारेकऱ्याला हाक मारून विचारलं, “पोस्टमन आजारी आहेत का?”

“कसला आजारी? बदली झाली. पार समुद्राकाठी टाकलाय त्याला. तुमच्याच कृपेनं, आजोबा.”

“आणि नवीन पोस्टमन?”

“कशाला? तुम्हाला पत्र कोण लिहितंय?”

खरंच होतं ते. वरच्या चौकीकडे विचारायला काका गेलेच नाहीत. उत्तर त्यांना आधीच कळलं होतं.

निवाडा यायला त्यानंतर बराच काळ गेला. पंचांनी जुने करार पाहिले, जुने नकाशे पाहिले, आणि ठरवलं, की ओढा असा एका रात्रीत उडी मारून गेला, तर सरहद्द त्याच्यामागे धावत नाही. जुनं पात्र हीच हद्द. म्हणजे काका खालच्या देशात. दोन्ही देशांनी निवाडा मानला, कुणी कुणाचं डोकं फोडलं नाही. खरं सांगायचं तर केवढी मोठी गोष्ट ही! सैनिक घरी गेले, रस्ता उघडला, खोलीच्या मागे फाटक बसलं. ट्रक पुन्हा सुरू झाले. पण आता काटा लागत नव्हता, फाटकातच यंत्र होतं, चालत्या ट्रकचं वजन करणारं. ड्रायव्हर खाली उतरतच नसत. काका खिडकीत बसत आणि चाकं बघत.

मुलीचा फोन यायचा. “बाबा, तंटा मिटला, आता तरी या. कुणासाठी थांबलाय तिथं?”

“कुणी आलं, आणि मी नसलो तर?”

“कोण येणार आहे, बाबा?”

काका पाण्याची सबब पुढे करायचे.

आणि एक दिवस दुपारी दार वाजलं. काकांनी दार उघडलं. गणवेश नाही, पिशवी नाही, साधी साडी, हातात पासपोर्ट. सिस्टर!

“या, या! बसा, चहा—”

“चहा नको. बसायलाही आले नाही मी.” सिस्टर उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. “बोलायला आलेय. किती दिवस मनात धरून ठेवलंय. काका, तुम्हाला सांगितलं होतं ना मी?”

“सांगितलं होतं.”

“पगारवाढ बंद केली माझी. डोंगरात असं उपकेंद्र दिलंय, की दोन बस बदलून वर चालत जावं लागतं. माझ्या आईला बघायला कुणी नाही घरी. चौकशीत तासन्‌तास उभी केली. साहेब विचारतो, साखर किती चमचे घेत होता? सगळे हसत होते! पोस्टमननं त्या वयात बिऱ्हाड हलवलं. आणि हे सगळं कशापायी? कॅमेरा कठड्यावर ठेवून काढला म्हणायचं होतं! एवढं सुचलं नाही?”

“सुचलं होतं,” काका म्हणाले.

“मग?”

“सिस्टर, माझ्याकडे माणसं येतात, हे आजवर कुणाला सांगायलाच मिळालं नव्हतं. मुलीला सांगितलं तर ती म्हणायची, सरकारी कामासाठी येतात, बाबा. तिथं इतकी मोठी माणसं बसली होती. मला वाटलं, यांना तरी कळू दे.”

“आणि आमचं काय होईल ते?”

“ते कळत होतं. पण सांगितलं. चुकलंच माझं.”

सिस्टरनी तोंड फिरवलं. “चुकलं म्हटल्यानं माझी बस येत नाही दारात. माफ वगैरे करायला मी आलेली नाही. निघते.”

“फाटकापर्यंत येतो.”

“काही गरज नाही.”

तरी काका चपला घालून निघाले. निवाड्यापासून फाटकावर रोज झुंबड असायची, इकडचे तिकडे, तिकडचे इकडे. त्या दिवशी रांग पार काट्यापर्यंत आलेली. सिस्टर रांगेत उभ्या राहिल्या, काका शेजारी. मग सिस्टर न राहवून पुन्हा सुरू झाल्या. चौकशीतला साहेब कसा होता, उपकेंद्रातलं यंत्र कसं बिघडलेलं, चढावर गुडघे कसे दुखतात. प्रत्येक गोष्टीचं खापर काकांच्या डोक्यावर. काका मान खाली घालून सगळं ऐकत होते, आणि रांग एक पाऊल पुढे सरकली की पुढे किती माणसं उरली ते मोजत होते.

“ऐकताय ना?” सिस्टर खेकसल्या.

“ऐकतोय. पण सिस्टर, एवढ्या लांबून आलात, सगळं आजच संपवू नका. थोडं पुढच्या वेळेसाठी राहू द्या.”

“पुढची वेळ नाही, काका. मी परत येणार नाहीये.”

“बरं,” काका म्हणाले. “मग त्या साहेबाचं पुन्हा सांगा. साखरेचं. मला नीट कळलं नाही.”

सिस्टरनी त्यांच्याकडे एकदा निरखून पाहिलं. हसल्या नाहीत. पण त्यांनी ते पहिल्यापासून सांगायला घेतलं. पुढे एका कुटुंबाच्या कागदांत काहीतरी घोळ झाला होता आणि फाटकावरचा माणूस कुणालातरी फोन लावत होता. रांग जागची हलत नव्हती.